नीळूभाऊंचा कुसकुस

नीळकंठ उमाळकरांना स्वतःवर हसायची सवय शाळेतच लागली. राजधानी हलली तेव्हा वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि नीळकंठ तात्या टोपे नगरच्या क्वार्टरमध्ये जन्मले. हजेरी घेताना मास्तरांची जीभ नावातल्या आणि आडनावातल्या दोन्ही 'ळ'पाशी हटकून घसरायची. "नीलकंठ उमालकर" असा पुकारा झाला की मागच्या बाकावरून कोणीतरी नीलकंठ पक्ष्यासारखी शीळ घालायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा. एके दिवशी कंटाळून, मास्तरांनी नाव घेताक्षणी, नीळकंठनं स्वतःच शीळ घातली. वर्ग हसला, मास्तर हसले आणि मागच्या बाकाची मजाच गेली. लोकांनी हसायच्या आत आपण हसून घेतलं की त्यांच्या हातात काही उरत नाही, हे त्या पोराला तेव्हा कळलं. ते त्यानं आयुष्यभर सोडलं नाही.

पुढं ते सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत लागले. शेतांतून आलेली माती वाळवायची, चाळायची, तिच्यात ओलावा किती आणि कस किती ते बघायचं आणि अहवाल द्यायचा. निवृत्त झाले तेव्हा मराठी मंडळींनी सत्कार केला. त्यात ते म्हणाले, "लोक नोकरीत कधी ना कधी माती खातात. मी पगार घेऊन ती फक्त तपासली." टाळ्या पडल्या. मग हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी वापरलं, की ते सुरू झालं की प्रतिभाताई पाणी प्यायला उठून जात.

प्रतिभाताई म्हणजे त्यांची बायको. माहेर उज्जैनचं, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं कमी आणि नेमकं. बाग सेवनियातलं त्यांचं घर त्याच चालवत. नीळकंठरावांना चहा यायचा, म्हणजे गॅस पेटवणं यायचं. पुढचं दूध उतू जाण्यावर अवलंबून असायचं.

तर यंदा ऐन थंडीत प्रतिभाताई मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालताना ओल्या फरशीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. साकेत नगरच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि हात गळ्यात अडकवून दिला. रिक्षातून घरी येताना नीळकंठराव म्हणाले, "तू काळजी करू नकोस. स्वयंपाकाचं मी बघतो."

"मला हाताची काळजी नव्हती," प्रतिभाताई म्हणाल्या. "आता वाटायला लागलीय."

शेजारणीनं तिच्याकडची स्वयंपाकाची बाई देऊ केली. ती सकाळी येऊन पोळ्या-भाजी करून जाई. संध्याकाळ मात्र नीळकंठरावांनी हट्टानं स्वतःकडे ठेवली. संध्याकाळी रोज खिचडी होई. एक दिवस ती पातळ असे, एक दिवस कापून वाढावी लागे, आणि मधल्या अवस्थेतली खिचडी त्यांना कधी भेटलीच नाही. सकाळी पार्कात फिरायला येणाऱ्या मित्रांना ते रोज आदल्या संध्याकाळचा वृत्तांत देत. मित्र पोट धरून हसत. त्यामुळे खिचडी बिघडल्याचं त्यांना घरी जे थोडंफार वाईट वाटे, ते सकाळपर्यंत पार धुऊन निघे.

आईला बघायला मुलगी शर्वरी पुण्याहून आली. बाबांची खिचडी तिनं एकदा खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी बॅगेतून एक खोकं काढून ओट्यावर ठेवलं.

"बाबा, हे कुसकुस. रव्याचेच दाणे असतात, आधीच वाफवून वाळवलेले. तुम्ही फक्त उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. मग काट्यानं मोकळं करायचं. यात बिघडण्यासारखं काही नाहीच."

"कुठलं हे?"

"मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया," आतल्या खोलीतून प्रतिभाताईंचा आवाज आला. "अ‍ॅटलस पर्वताच्या अलीकडे-पलीकडे."

"बघ," नीळकंठराव मुलीला म्हणाले, "तुझ्या आईचा हात मोडलाय, नकाशा शाबूत आहे."

शर्वरी गेली त्या संध्याकाळी त्यांनी खोकं उघडलं. दाणे बारीक, पिवळसर, चाळून घेतलेल्या रेतीसारखे. हे असं नुसतं पाणी ओतून शिजेल यावर त्यांचा विश्वास बसेना. आपल्याकडचा रवासुद्धा आधी भाजावा लागतो, मग हे काय लाडावलेलं प्रकरण? त्यांनी पातेल्यात भरपूर पाणी उकळलं, दाणे आत सोडले आणि बुडाला लागू नये म्हणून पळीनं घोटायला घेतलं. दाणे घट्ट व्हायला लागले तसं अजून पाणी घातलं, पातळ वाटलं तसे अजून दाणे घातले. शेवटी पळी आत उभी राहिली आणि बाहेर येईना.

त्यांनी पातेलं ताटात उपडं केलं. जे बाहेर पडलं ते हुबेहूब पातेल्याच्या आकाराचं होतं.

प्रतिभाताईंनी डाव्या हातातल्या चमच्यानं त्याचा तुकडा तोडला, खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "शर्वरी मोकळं करायचं म्हणाली होती ना?"

"मी त्याला सोडायला तयार आहे. दाणेच एकमेकांना सोडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पार्कात या प्रकरणानं धमाल उडवली. ऐकणाऱ्यांत पुढं होते श्याम मोघे. हे ग्वाल्हेरचे, बँकेतून निवृत्त झालेले, नीळकंठरावांचे जुने मित्र. आवाज असा की पार्काच्या या टोकाला हसले की त्या टोकाचे कुत्रे उठून बसत.

"उलटं केलं, वरून टिचकी मारली, तर ठक्क असा आवाज आला," नीळकंठराव सांगत होते. "नोकरीत असतो तर अहवाल लिहिला असता. भारी जमीन, निचरा शून्य, नांगर मोडेल. शेतकऱ्यानं गाव सोडावं."

"ढेकूळच म्हण ना यार सीधं!" श्यामराव डोळे पुसत म्हणाले.

श्यामराव एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण त्या महिन्यात मराठी मंडळींची अंगतपंगत होती. हॉलवर जमायचं, प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा, एकत्र जेवायचं. उमाळकरांना यंदा कोणी काही सांगितलं नव्हतं, वहिनींचा हात मोडलाय म्हणून. श्यामरावांनी दुपारी ग्रुपवर टाकून दिलं: 'नीळूभाऊ उमाळकर यांच्याकडून खास अरबी ढेकूळ.' पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. इंदूरच्या वैशालीताई दंडवत्यांनी, ज्यांना पार्कातलं काही माहीत नव्हतं, अरबी म्हणजे अळकुड्या समजून लिहिलं, 'अरबीची भाजी का? वा! दह्यातली करा.'

नीळकंठरावांनी नेहमीप्रमाणे यावरही विनोद करायला फोन हातात घेतला. पण प्रतिभाताई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नेऊ या की. करून बघा नीट."

"मी? नीट?"

"पाच मिनिटांचं काम आहे म्हणे. मुलगी सांगून गेलीय. तिचं एकदा ऐकून तर बघा."

आता यात एक गोची होती. थट्टा करणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते नीळकंठरावांना ठाऊक होतं. 'नीट करून बघा' म्हणणाऱ्याला काय द्यायचं, याची त्यांच्याकडे काही तयारी नव्हती.

खोक्यात उरलेलं कुसकुस त्यांनी मुलीच्या सांगण्याप्रमाणे केलं. फक्त मागच्या वेळेच्या धास्तीनं पाणी इतकं हात राखून ओतलं, की वरचे दाणे कोरडे राहिले. ते दातांत कचकच करत होते आणि खालचे गोळा होऊन बसले होते. एकाच भांड्यात दुष्काळ आणि पूर. प्रतिभाताईंनी मत द्यायच्या आधीच त्यांनी ते स्वतःहून डब्यात भरलं आणि सकाळी बाईनं त्यात कांदा-कोथिंबीर आणि बेसन घालून वडे तळले. वडे उत्तम झाले. "यह क्या था, साहब?" तिनं विचारलं. "गलती," साहेब म्हणाले.

नवं खोकं आणायला ते दस नंबर मार्केटला गेले. परदेशी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानातल्या माणसाला म्हणाले, "कुसकुस है?"

"खसखस? कितना दूँ, अंकल?"

"खसखस नहीं। कुसकुस।"

"अंकल, खसखस ही बोलते हैं," दुकानदार समजुतीनं म्हणाला. जणू हा माणूस आयुष्यभर चुकीचा शब्द वापरत आला होता आणि आज त्याला कोणीतरी प्रेमानं सुधारत होतं. शेवटी ते स्वतः मांडणीपाशी गेले, बोटांनी खोकी चाचपत एक शोधून काढलं आणि वर पावशेर खसखसही घेऊन आले, कारण एवढं झाल्यावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

घरी येऊन ते फोनवर व्हिडिओ शोधत बसले. त्यात एक मोरोक्कोची म्हातारी सापडली. ती काय बोलत होती ते अक्षर कळत नव्हतं, पण हात दिसत होते. तिनं परातीसारख्या पसरट भांड्यात दाणे घेतले, तेल लावलं, पाण्याचा हबका मारला आणि दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू चोळले. मग खाली रस्सा उकळत ठेवून, त्यावर बुडाला भोकं असलेलं भांडं बसवून, त्यात ते वाफवले. वाफवून झाले की पुन्हा परातीत, पुन्हा हबका, पुन्हा चोळणं, पुन्हा वाफ. पाण्यात शिजवणं नावाचा प्रकारच नव्हता.

"प्रतिभा, हे बघ! हे तर आपलं मोदकपात्र!"

प्रतिभाताईंनी चष्मा लावून पाहिलं. "मोदकपात्र माळ्यावर आहे. स्टुलावरून पडू नका. दोघांना प्लास्टर म्हणजे मग त्या बाईला इथंच राहायला बोलवावं लागेल."

मोदकपात्र उतरलं. श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलचं फडकं निघालं. नीळकंठराव ओट्यापाशी खुर्ची ओढून बसले, समोर परात. शेजारच्या खुर्चीत प्रतिभाताई, गळ्यात हात. नीळकंठरावांनी परातीत दाणे ओतले, तेल घातलं आणि चमच्यानं ढवळायला लागले.

"हातानं," प्रतिभाताई म्हणाल्या.

"हात चिकट होतील."

"होऊ देत."

त्यांनी बोटांची टोकं घातली, थंडीत तळ्याचं पाणी बघतात तशी. प्रतिभाताईंना राहवलं नाही. त्यांनी डावा हात परातीत घातला आणि दाणे तळव्याखाली गोल फिरवले. "असं. पोळीसाठी कणकेला तेल लावतो तसं, पण दाबायचं नाही. आता पाणी शिंपडा. एवढं नको! तुळशीला घालताय का?"

पाणी शिंपडून ते चोळायला लागले आणि काही वेळानं अशी गंमत झाली की हात आपोआप चालायला लागला. प्रयोगशाळेत यायच्या आधी नव्या नोकरीत त्यांना शेतांवर पाठवायचे. तिथं यंत्र नसे. ओली माती अंगठा आणि बोटांमध्ये चोळून ती रेताड आहे की चिकण, ते सांगावं लागे. मुठीत दाबली की गोळा व्हावी आणि बोटानं टोचली की सुटावी, म्हणजे पेरायला जमीन तयार झाली, वाफसा आला. किती वर्षं त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता. त्यांनी मूठभर दाणे दाबले. गोळा झाला. अंगठ्यानं टोचलं. भुरभुरून सुटला.

"वाफसा आला," ते म्हणाले.

"काय आलं?"

"काही नाही. आता वाफेला लावू."

वाफवलेले दाणे परातीत ओतले तेव्हा ते इतके गरम होते की बोटं भाजली. ते 'हा हू' करत गुठळ्या फोडत राहिले, पाण्याचा हबका मारत राहिले. दुसऱ्या वाफेनंतर दाणे फुगायला लागले. तिसऱ्या वाफेनंतर त्यांनी फडकं उचललं आणि परातीत उलटं केलं, तर दाणे सळसळत पसरले. एकेक सुटा, टपोरा, हलका. फुंकर मारली तर वरचे दोन-चार उडाले.

प्रतिभाताईंनी परात जवळ ओढली.

"आता याला 'ते' म्हणू नका," प्रतिभाताई म्हणाल्या. "एवढा फुलल्यावर 'तो' म्हणा. तो कुसकुस."

त्या पुन्हा वाढून घेऊन जेवल्या. नीळकंठरावांना काहीतरी गमतीचं बोलावंसं वाटत होतं, पण सुचलं नाही.

अंगतपंगतीच्या दिवशी ते पहाटेच उठून कामाला लागले. गाजर, लाल भोपळा आणि काबुली चण्यांचा रस्सा प्रतिभाताईंनी खुर्चीतून सांगितला, त्यांनी केला. कुसकुस तीन वाफा देऊन मोठ्या स्टीलच्या डब्यात भरला आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर ते डब्यावर हात ठेवत होते.

साकेत नगरच्या हॉलवर टेबलांवर पदार्थ मांडले होते. श्यामराव दारातच ओरडले, "आलं रे, ढेकूळ आलं! हातोडी आणा कोणीतरी!" सगळे हसले. नीळकंठरावही सवयीनं हसले.

मग झाकण उघडलं. लोकांनी आधी चमचाभर घेतला, चाखला, आणि पुन्हा वाढून घ्यायला आले. वैशालीताई दंडवते म्हणजे मंडळींमधला शेवटचा शब्द. पुरणात जायफळ कमी पडलं तर त्या नुसत्या भुवईनं सांगत. त्यांनी एक वाटी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरी हातात घेऊन थेट प्रतिभाताईंकडे आल्या.

"प्रतिभा, धन्य आहे तुझी! मोडक्या हातानं हे? डाव्या हातानं एवढं मोकळं?"

"वैशालीताई," शेजारी उभे असलेले नीळकंठराव म्हणाले, "हा मी केलाय."

आसपासचे सगळे हसले.

"नाही, खरंच. मी केलाय."

ते अजून मोठ्यानं हसले. कारण चेहरा गंभीर करून एखादी गोष्ट सांगणं ही नीळूभाऊंच्या प्रत्येक विनोदाची सुरुवात असते, हे तिथं लहान मुलांनाही माहीत होतं.

"नीळूभाऊ, तुमची खिचडी सुरीनं कापतात ते आम्ही ऐकलंय," कोणीतरी म्हणालं. "ठक्क आवाज येतो ते सांगा की यांना!" दुसरं कोणीतरी म्हणालं. त्यांनी सांगितलं नाही, तर श्यामरावांनी सांगितलं, अगदी त्यांच्याच शब्दांत, निचरा आणि नांगरासकट.

प्रतिभाताईंनी हात वर केला. "अहो, ऐका. खरंच यांनी केलाय. मी फक्त शेजारी बसले होते."

"बघा!" वैशालीताई सगळ्यांना म्हणाल्या. "हात गळ्यात, तरी नवऱ्याला पुढं करायचं सुटत नाही. आपली पिढीच अशी." आणि त्यांनी प्रतिभाताईंच्या गालावरून हात फिरवला.

डबा चाटूनपुसून संपला. नीळकंठरावांच्या ताटात स्वतः केलेला कुसकुस आलाच नाही.

परतताना रिक्षात त्यांनी रिकामा डबा मांडीवर धरला होता. साकेत नगर मागं पडल्यावर प्रतिभाताई म्हणाल्या, "मी सांगितलं बरं का."

"ऐकलं मी."

"खरं सांगू? तुम्ही बोललात तेव्हा मीही हसणार होते. तुमचा चेहराच तसा होतो."

"प्रतिभा, मला आज राग आला."

त्यांनी वळून पाहिलं. "कोणाचा?"

"तेच ठरत नाहीये. वैशालीताईंचा म्हणावं, तर त्यांनी तीनदा घेतला. श्यामचा म्हणावं, तर त्यानं माझंच वाक्य म्हटलं, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. राहिलो मी."

"मग काय करणार?"

"श्यामला घरी बोलावतो. त्याच्यासमोर करून दाखवतो. काय बोलेल मग?"

श्यामराव दुसऱ्याच सकाळी आले, फोन हातात धरून. "व्हिडिओ करतो," म्हणाले. "दुनियेला पुरावा पाहिजे."

फोनचा डोळा आपल्यावर लागल्याबरोबर नीळकंठरावांना काय झालं कोण जाणे. त्यांनी परात पुढं ओढली आणि बोलायला सुरुवात केली. "नमस्कार, आजचा पदार्थ अ‍ॅटलस पर्वताच्या अलीकडून आलेला, आणि माझ्या हातून पलीकडे जाणारा." श्यामराव खदखदले. नीळकंठरावांना अजून एक सुचलं. मग अजून एक. बोलता बोलता पाण्याचा हबका दोनदा झाला की चारदा, याचा हिशेब सुटला. मीठ घातलं की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. वाफेला ठेवलं आणि दुकानदाराच्या खसखशीची गोष्ट रंगात आली. ती संपायच्या आत स्वयंपाकघरात जळका वास सुटला. मोदकपात्रातलं पाणी आटून बूड करपलं होतं. फडकं उचललं, तर आतून एक गोल, घट्ट, खारट ढेकूळ निघालं आणि परातीत पडताना त्यानं खरोखरच ठक्क असा आवाज केला.

श्यामरावांना हसून खोकला लागला. पाणी प्यायला देता देता नीळकंठरावही हसत होते, आणि आतून त्यांना चक्क बरं वाटत होतं. ओळखीच्या गल्लीत आल्यासारखं. इथं काय बोलायचं, कुठं थांबायचं, सगळं पाठ होतं.

प्रतिभाताई दारात उभ्या होत्या. श्यामराव गेल्यावर त्यांनी मोदकपात्र डाव्या हातानं उचलून नळाखाली धरलं. त्यांच्या आईनं दिलेलं होतं ते.

"मुद्दाम केलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही गं. शप्पथ."

"मला वाटलंच. मुद्दाम केलं असतं तर बरं होतं." त्यांनी नळ बंद केला. "त्या संध्याकाळचा कुसकुस मला खरंच आवडला होता. मी पोटभर जेवले होते. प्लास्टर घातल्यापासून पहिल्यांदा. तुम्हाला लोकांसमोर स्वतःचं हसं करायचं तर खुशाल करा, मी कधी अडवलं नाही. पण तो कुसकुस मी खाल्लाय. त्याचं हसं केलंत की मला लागतं."

नीळकंठरावांनी तोंड उघडलं. नेहमीप्रमाणे जिभेच्या टोकावर काहीतरी आलंही होतं. ते त्यांनी गिळलं. मग मोदकपात्र प्रतिभाताईंच्या हातातून घेतलं, चिंच आणि मीठ लावलं आणि दुपारभर घासत बसले. काळा डाग पुरता गेला नाही.

श्यामरावांचा व्हिडिओ ग्रुपवर गाजला. लोकांनी नीळूभाऊंकडून जबाबी फटकेबाजीची वाट पाहिली. त्यांनी काही लिहिलं नाही. पार्कातही कोणी विचारलं तर "चाललंय" एवढंच म्हणत. श्यामराव एकदा काळजीनं म्हणाले, "नीळू, तब्येत ठीक आहे ना? तू आजकाल आम्हाला हसवत नाहीस." "शिकतोय," नीळकंठराव म्हणाले. काय ते श्यामरावांना कळलं नाही, आणि खरं तर नीळकंठरावांनाही नीटसं सांगता आलं नसतं. पूर्ण गंभीर माणूस होणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. चार दिवसांनी ते पुन्हा माती खाण्याचं वाक्य बोललेच. फक्त कुसकुसाविषयी काही बोलले नाहीत. तो ते संध्याकाळी, दार लावून, पाण्याकडे लक्ष ठेवून, चुपचाप करत.

उन्हं तापायला लागली तेव्हा प्लास्टर निघालं. आतून हात बारीक, पांढुरका आणि ताठ निघाला. बोटं अर्धी वळत आणि तिथंच अडत. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, "आंटी, एका भांड्यात तांदूळ घ्या, त्यात हात घाला आणि मूठ उघडा-मिटा करा. रोज. कंटाळा करायचा नाही."

घरी आल्यावर प्रतिभाताईंनी तांदळाच्या डब्याकडे पाहिलं आणि मग परातीकडे. "गार तांदळात कशाला?" त्या म्हणाल्या. "काढा तुमचं खोकं."

त्या संध्याकाळी पहिली वाफ झाल्यावर नीळकंठरावांनी दाणे परातीत पसरले, जरा निवू दिले आणि परात दोघांच्या खुर्च्यांमध्ये ठेवली. प्रतिभाताईंनी उजवा हात कोमट दाण्यांत मनगटापर्यंत बुडवला आणि डोळे मिटले. एका बाजूनं ते गुठळ्या फोडत होते, दुसऱ्या बाजूनं त्या मूठ मिटायचा प्रयत्न करत होत्या. बोटं वाकत, थरथरत, आणि दाणे फटींतून निसटून जात.

"दुखतंय?"

"दुखतंय. पण ऊब छान आहे."

त्यांनी पुन्हा मूठ मिटली. या वेळी थोडे दाणे आत राहिले. त्यांनी ती मूठ वर उचलली आणि उघडून दाखवली, शाळेत पहिल्यांदा नंबर आलेल्या मुलीसारखी. तळव्यावर चिमूटभर कुसकुस होता.

नीळकंठरावांनी तो त्यांच्या तळव्यावरूनच उचलून तोंडात टाकला.

"अजून एक वाफ लागेल," ते म्हणाले.

"मग बसलात काय? खालचं पाणी बघा आधी. पुन्हा करपवाल."

ते उठले आणि झाकण उचलून बघायला गेले.